शून्य करार आणि मद्यगृहांचे भाडेकरू

दोन पक्षांनी राजीखुशीने केलेला करार पाळला गेला पाहिजे, हा व्यवहाराचा पाया आहे. परंतु कायद्याच्या पुस्तकात काही करार असेही आहेत की ज्यांवर दोघांच्या सह्या असतात, साक्षीदारांच्या सह्या असतात, मुद्रांकही लावलेला असतो, आणि तरीही न्यायालयाच्या दृष्टीने ते झालेलेच नसतात. अशा करारास शून्य करार म्हणतात. करार शून्य आहे एवढे ठरले की प्रश्न मिटला, अशी सामान्य समजूत असते. वास्तविक खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो. त्या कराराच्या भरवशावर ज्याने आयुष्याची पुंजी घातली, त्याचे काय? त्याने दिलेले पैसे परत मिळावेत काय? त्याने थकविलेले भाडे माफ व्हावे काय? आणि ज्या करारावर त्याने स्वतः सही केली, त्याच कराराच्या बेकायदेशीरपणाबद्दल त्याला नुकसानभरपाई मागता येईल काय? या प्रश्नांचा कस इंग्लंडातील परवानाधारक मद्यगृहांच्या भाडेपट्ट्यांवरून विसाव्या शतकाच्या अखेरीस जसा लागला, तसा क्वचितच दुसऱ्या एखाद्या धंद्यात लागला असेल.

इंग्लंडातील मद्यगृह, ज्याला तेथे पब म्हणतात, ही संस्था आपल्याकडील दारूच्या गुत्त्याहून निराळी आहे. गावच्या पारावर जशी माणसे जमतात, तशी ती तेथे पबमध्ये जमतात. पण ही संस्था जितकी लोकप्रिय, तितकीच ती सरकारी देखरेखीखालची. 1552 साली, सहाव्या एडवर्डच्या कारकीर्दीत, बियर विकण्याच्या घरांना स्थानिक दंडाधिकाऱ्यांचा परवाना सक्तीचा झाला. पुढे 1830 साली पार्लमेंटने उलट टोक गाठले. जिनसारख्या कडक दारूचे व्यसन कमी व्हावे आणि बियरचा धंदा खुला व्हावा, या हेतूने कर भरणाऱ्या कोणाही गृहस्थास दोन गिनी भरून बियरगृह उघडण्याची मुभा देण्यात आली. हजारो बियरगृहे काही महिन्यांत उभी राहिली. या सवलतीचे परिणाम पाहून 1869 साली पुन्हा लगाम खेचण्यात आला, आणि नव्या परवान्यांवर दंडाधिकाऱ्यांचा ताबा परत आला.

या लगामाचा एक परिणाम कायदा करणाऱ्यांनी कदाचित कल्पिलाही नसेल. परवाने दुर्मिळ झाले, तसे परवाना असलेल्या घराचे मोल वाढले. बियर गाळणाऱ्या कारखानदारांनी ताडले की, उत्तम बियर बनवून भागत नाही. ती जेथे विकली जाते ते घरच आपल्या ताब्यात हवे. 1880 नंतरच्या दशकांत बियरच्या कंपन्यांनी भागभांडवल उभारून पब विकत घेण्याचा सपाटा लावला. डब्लिनच्या गिनेस कंपनीने 1886 साली लोकांकडून भांडवल गोळा केले तेव्हा पब विकत घेण्याचा मार्ग तिने पत्करला नाही. पण इंग्लंडातील बहुतेक मोठ्या कारखानदारांची वाट मात्र तीच होती. विकत घेतलेले घर ते भाड्याने देत आणि भाडेपट्ट्यात एक कलम घालीत: भाडेकरूने बियर फक्त आमच्याकडूनच घ्यावी. अशा घरास 'बांधील घर' हे नाव पडले, आणि ज्याच्यावर असे बंधन नाही ते 'मुक्त घर' ठरले.

मराठी माणसाला ही कल्पना अपरिचित वाटू नये. एखाद्या वस्तूच्या विक्रीचा किंवा एखाद्या उत्पन्नाचा एकट्याचा हक्क ठरावीक रकमेवर घेणे यास आपण मक्ता म्हणतो, आणि आर्थिक क्षेत्रातील एकाधिकाराला मराठीत मक्तेदारी हा जो शब्द रूढ झाला, तो याच मक्त्यावरून. एकोणिसाव्या शतकातील अबकारीच्या कारभारात मक्तेदार हा शब्द घरोघर माहीत होता. फरक एवढाच की, आपल्याकडील मक्ता सरकार देत असे. इंग्लंडातील बांधिलकी खासगी जमीनमालकाने भाडेपट्ट्याच्या कागदावर निर्माण केलेली होती.

इंग्लिश न्यायालयांनी या बंधनाकडे दीर्घकाळ सौम्य दृष्टीने पाहिले. 1890 साली 'क्लेग विरुद्ध हँड्स' या खटल्यात न्यायालयाने असे ठरविले की, मालकाकडूनच बियर घेण्याचा करार हा जमिनीशी निगडित आहे. म्हणून घराचा मालक बदलला तरी नव्या मालकास तो भाडेकरूवर बजावता येतो. व्यापारावर अवाजवी निर्बंध घालणारा करार अंमलात आणता येत नाही, हे तत्त्व इंग्लंडात जुनेच आहे. 1967 साली पेट्रोल-पंपांच्या एका गाजलेल्या खटल्यात उमरावांच्या सभेतील न्यायाधीशांनी ते 'एसो' या तेलकंपनीच्या करारांना लावले. साडेचार वर्षांच्या आतबाहेरचे बंधन त्यांनी वाजवी मानले आणि 21 वर्षांचे बंधन अवाजवी म्हणून फेटाळले. परंतु त्याच निकालात असेही विवेचन आले की, जो माणूस नव्याने भाडेपट्टा घेऊन घरात शिरतो, त्याने आपले पूर्वीचे कोणतेही स्वातंत्र्य गमावलेले नसते. त्याला तेथे व्यापार करण्याचा हक्कच आधी नव्हता. या तर्काने पबच्या भाडेकरूसाठी देशी कायद्याचे दार जवळजवळ बंद झाले.

दुसरे दार परदेशातून उघडले. 1957 च्या रोमच्या तहात कलम 85 होते. सभासद राष्ट्रांमधील व्यापारावर परिणाम करणारे आणि स्पर्धेला बाधा आणणारे करार त्याने निषिद्ध ठरविले, आणि असे करार आपोआप शून्य होतील असेही सांगितले. 1 जानेवारी 1973 रोजी ब्रिटन युरोपीय समुदायात सामील झाले आणि हे कलम इंग्लंडच्या न्यायालयांतही लागू झाले. बियरच्या करारांचा प्रश्न युरोपात त्यापूर्वीच निघाला होता. बेल्जियममधील एका लहानशा काफेला एका बियर कंपनीने पैसे व सामान उसने दिले होते आणि त्या बदल्यात आपलीच पेये विकण्याची अट घातली होती. 1967 साली लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाने सांगितले की, असा एकटा करार तपासून भागत नाही. त्याच्यासारख्या करारांचे जे जाळे बाजारात पसरले आहे, त्याच्या संदर्भात तो पाहिला पाहिजे. एका काफेने कोणाची बियर घ्यावी यावरून बाजार बंद होत नाही. पण तशीच अट हजारो घरांवर असेल, तर नव्या कारखानदाराला विकायला जागाच उरत नाही.

या विचाराला निश्चित रूप आले ते 28 फेब्रुवारी 1991 च्या 'डेलिमिटिस' निकालात. फ्रँकफर्ट येथील एका मद्यगृहाचा चालक आणि हेनिंगर ही बियर कंपनी यांच्यातील वाद अगदी किरकोळ होता. चालकाने करार संपविल्यावर कंपनीने त्याच्या अनामत रकमेतून काही पैसे कापून घेतले होते. त्या लहान वादातून न्यायालयाने दोन कसोट्या दिल्या. पहिली: सगळ्या करारांच्या एकत्रित परिणामामुळे बाजारात शिरणे खरोखरच कठीण झाले आहे काय? दुसरी: संबंधित कंपनीच्या करारांचा त्यात लक्षणीय वाटा आहे काय? दोन्ही प्रश्नांचे उत्तर होकारार्थी असेल तरच करार शून्य ठरेल.

योगायोग असा की, याच सुमारास ब्रिटनमधील पबचे जग उलथेपालथे होत होते. 1989 साली तेथील मक्तेदारी आयोगाने बियरच्या पुरवठ्यावर अहवाल दिला. बास, अलाइड, व्हिटब्रेड, ग्रँड मेट्रोपॉलिटन, करेज आणि स्कॉटिश अँड न्यूकॅसल या सहा मोठ्या कंपन्यांच्या बांधील घरांमुळे स्पर्धा खुंटते, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यावरून त्याच वर्षी निघालेल्या सरकारी आदेशाप्रमाणे, ज्या कारखानदाराकडे 2,000 हून अधिक पब होते त्याला वरच्या संख्येपैकी निम्मी घरे नोव्हेंबर 1992 पर्यंत बंधमुक्त करणे भाग पडले. हेतू असा की, भाडेकरू मोकळा व्हावा आणि ग्राहकाला निवड मिळावी.

पण आदेश कारखानदारांपुरता होता. बियर न गाळणाऱ्या, केवळ घरे बाळगणाऱ्या कंपनीवर त्याचा तसा भार नव्हता. 1991 साली ग्रँड मेट्रोपॉलिटन आणि करेज यांनी अदलाबदल केली: एकाचे बियरचे कारखाने दुसऱ्याकडे गेले आणि दोघांचे हजारो पब 'इनट्रप्रेन्यूर' या सामाईक मालकीच्या कंपनीत आले. या कंपनीने जे भाडेपट्टे दिले ते वीस वर्षांचे होते. दुरुस्तीचा सगळा खर्च भाडेकरूवर, ठरावीक काळाने भाड्याची फेरतपासणी, आणि मार्च 1998 पर्यंत बियर करेज कंपनीकडूनच घेण्याची अट, असे त्यांचे स्वरूप होते. पूर्वीचा भाडेकरू वर्षा-वर्षाच्या बोलीवर असे. चालले नाही तर गाशा गुंडाळून जाई. नवा भाडेकरू वीस वर्षांच्या भाड्यास बांधला गेला. अनेकांनी घर गहाण टाकून किंवा निवृत्तीची रक्कम घालून हे पट्टे घेतले होते. पुढे मंदी आली. मुक्त घरांना करेजचीच बियर सवलतीच्या दराने मिळते आणि आपल्याला मात्र छापील दर द्यावा लागतो, हे त्यांना रोज डोळ्यांसमोर दिसत होते. शेजारच्या पबमध्ये तीच बियर स्वस्त विकली जात असताना गिऱ्हाईक टिकवायचे कसे, हा त्यांच्या पोटाचा प्रश्न होता.

भाडी थकली, कंपनीने दावे लावले, आणि भाडेकरूंच्या वकिलांनी कलम 85 पुढे केले. बंधन शून्य आहे, म्हणून भाडेपट्टाच शून्य आहे, म्हणून भाडेही देणे लागत नाही, असा युक्तिवाद झाला. निदान बियरपोटी जास्त घेतलेली रक्कम भाड्यातून वजा करावी, अशी दुसरी मागणी होती. 1993 साली 'इनट्रप्रेन्यूर विरुद्ध मेसन' या खटल्यात न्यायालयाने हे मान्य केले नाही. शून्य ठरेल ते बंधनाचे कलम. उरलेला भाडेपट्टा त्यावाचून उभा राहू शकतो, आणि कसलीही वजावट न करता भाडे देण्याचे कलम त्यात स्पष्ट आहे. इंग्लिश वकील याला निळ्या पेन्सिलीची कसोटी म्हणतात: बेकायदेशीर ओळ पेन्सिलीने खोडावी आणि उरलेला मजकूर अर्थपूर्ण राहतो काय ते पाहावे. येथे तो राहत होता. म्हणजे ज्या ओळीने भाडेकरू बुडाला असे त्याचे म्हणणे, ती खोडली गेली तरी ज्या ओळीने तो देणेकरी झाला ती तशीच राहिली.

यानंतर दुसरा अडसर पुढे आला. बंधन शून्य असेल, तर त्यामुळे झालेले नुकसान भाडेकरूला मागता येईल काय? येथे इंग्लिश कायद्यातील एक जुने तत्त्व आडवे आले. 1775 साली लॉर्ड मॅन्सफिल्ड यांच्यापुढे डंकर्क येथे विकलेल्या चहाच्या किमतीचा दावा आला होता. तो चहा चोरट्या मार्गाने इंग्लंडात नेला जाणार हे विक्रेत्याला माहीत होते. स्वतःच्या बेकायदेशीर कृत्यावर ज्याचा दावा आधारलेला आहे, त्याला न्यायालय साहाय्य करणार नाही, हे तत्त्व मॅन्सफिल्ड यांनी या खटल्यात मांडले. हे प्रतिवादीच्या भल्यासाठी नव्हे, तर सार्वजनिक धोरणासाठी, असेही त्यांनी बजावले. गंमत अशी की, खुद्द त्या खटल्यात चहाचा विक्रेता जिंकला. कारण त्याची विक्री डंकर्कलाच पूर्ण झाली होती आणि चोरट्या व्यापारात त्याचा हात नव्हता. पण तत्त्व मात्र मॅन्सफिल्डच्या नावाने सव्वादोनशे वर्षे चालले. 1998 साली 'गिब्ज म्यू विरुद्ध गेमेल' या खटल्यात अपील न्यायालयाने त्याच आधारे सांगितले की, भाडेकरू हा त्या निषिद्ध कराराचा एक पक्ष आहे. दोघे सारखेच दोषी असल्याने त्याला भरपाई मागता येत नाही.

कायद्याचे हे तर्कशास्त्र निर्दोष दिसते, पण व्यवहाराच्या उजेडात पाहिले की ते लंगडते. चोरट्या चहाच्या धंद्यात दोघे बरोबरीने सामील होऊ शकतात. छापील मसुदा पुढे ठेवणारी कंपनी आणि त्यावर सही करणारे पतिपत्नी हे सारख्याच दोषाचे वाटेकरी कसे? एकाने अट घातली, दुसऱ्याने ती सोसली.

हाच मुद्दा अखेर लक्झेंबर्गपर्यंत गेला. 'करेज विरुद्ध क्रेहन' या नावाने प्रसिद्ध झालेल्या वादातील भाडेकरूने 1991 साली लंडनजवळच्या स्टेन्स येथील दोन पब घेतले होते. 1993 पर्यंत त्याचा धंदा बुडाला. पुरविलेल्या बियरच्या 15,266 पौंडांसाठी करेजने त्याच्यावर दावा लावला, आणि त्याने भरपाईचा प्रतिदावा केला. 20 सप्टेंबर 2001 रोजी युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला. स्पर्धेला बाधा आणणाऱ्या करारामुळे ज्याचे नुकसान झाले त्या कोणालाही, तो कराराचा पक्ष असला तरीही, भरपाई मागता आली पाहिजे. मात्र गैरप्रकारात ज्याची स्वतःची जबाबदारी लक्षणीय आहे, त्याला राष्ट्रीय कायदा ती नाकारू शकतो; आणि ती जबाबदारी ठरविताना दोन्ही पक्षांचे आर्थिक बळ आणि सौदा करण्याची ताकद यांकडे पाहिले पाहिजे. दोनशे वर्षांच्या तत्त्वाला येथे माणसाचे माप लावले गेले.

तत्त्व जिंकले, पण माणूस जिंकला काय? खटला पुन्हा इंग्लंडात आला. 2003 साली उच्च न्यायालयाने पुराव्याची तपासणी करून ठरविले की, ब्रिटनमधील बियरचा बाजार बंद झाल्याचे सिद्ध होत नाही. 'डेलिमिटिस'ची पहिली कसोटीच पार पडत नाही. 2004 साली अपील न्यायालयाने हे फिरविले. युरोपीय आयोगाने 1999 साली व्हिटब्रेडसारख्या कंपन्यांच्या प्रकरणांत बाजार बंद असल्याचा निष्कर्ष काढला होता, त्याला मान देऊन त्याने 131,336 पौंडांची भरपाई आणि व्याज मंजूर केले. जुलै 2006 मध्ये उमरावांच्या सभेने तेही रद्द केले. आयोगाचा निष्कर्ष दुसऱ्या कंपन्यांबद्दलचा होता. या खटल्यातील न्यायाधीशाने पुरावा स्वतः पाहून ठरविले, ते योग्यच होते, असे त्यांचे मत पडले. तेरा वर्षांच्या झगड्यानंतर भाडेकरूच्या पदरात भरपाईची एक कपर्दिकही पडली नाही. उलट, त्याच्या खटल्यातून निघालेले तत्त्व आज सगळ्या युरोपात स्पर्धाकायद्याच्या भरपाईचा पाया झाले आहे.

दरम्यान 1999 साली अपील न्यायालयाने आणखी एक विचित्र सत्य उघड केले होते. इनट्रप्रेन्यूरचा एक पब मॉरलँड या लहान कारखानदाराकडे गेला. भाडेकरू म्हणाला, बंधन शून्य आहे. न्यायालय म्हणाले, मोठ्या मालकाच्या हातात ते कदाचित शून्य असेलही. पण लहान मालकाच्या करारांचा बाजारावर लक्षणीय परिणाम होत नाही, म्हणून त्याच्या हातात ते सजीव आहे. म्हणजे कागद तोच, सही तीच, ओळही तीच. मालक बदलला की ती मरते किंवा जिवंत होते. शून्य म्हणजे कायमचे शून्य, ही शाळेतली समजूत या निकालाने पुसून टाकली.

न्यायालयांच्या वाटेने जे मिळाले नाही, ते पुढे कायदेमंडळाच्या वाटेने थोडेफार मिळाले. व्यवसायाच्या जागांच्या भाडेकरूंना 1954 च्या कायद्याने जे संरक्षण होते, त्यातून पब वगळले होते. 1990 च्या कायद्याने ते वगळणे संपविले. 1989 चा बियर-आदेश 2003 साली मागे घेतला गेला, कारण तोवर घरे कारखानदारांकडून पब-कंपन्यांकडे गेली होती. शेवटी 2015 च्या कायद्यान्वये जुलै 2016 पासून इंग्लंड व वेल्समध्ये पबची आचारसंहिता लागू झाली. 500 किंवा अधिक बांधील पब असलेल्या कंपनीच्या भाडेकरूला, ठरावीक प्रसंगी, बंधन सोडून केवळ बाजारभावाचे भाडे देण्याचा पर्याय मागता येतो. स्कॉटलंडने 2021 साली स्वतःचा कायदा केला. बंधन शून्य आहे काय, हा प्रश्न बाजूला ठेवून, त्यातून बाहेर पडण्याची वाट भाडेकरूला हवी, असा सरळ विचार यात आहे. तो तीस वर्षांपूर्वी सुचला असता तर अनेक घरे वाचली असती.

भारतीय वाचकाला या इतिहासातून दोन गोष्टी जवळच्या वाटतील. आपल्या 1872 च्या करार अधिनियमात कलम 23 प्रमाणे बेकायदेशीर उद्देशाचा करार शून्य असतो. पण त्याच अधिनियमातील कलम 65 असेही सांगते की, करार शून्य असल्याचे आढळून आल्यास ज्याला त्यातून लाभ झाला असेल त्याने तो परत करावा. शून्य कराराचाही हिशेब असतो, हे आपल्या कायद्याने दीडशे वर्षांपूर्वीच ओळखले आहे. दारूच्या परवान्याबाबत मात्र आपली न्यायालये फार कडक आहेत. परवान्याच्या अटी मोडून त्यात भागीदार घेतला तर ती भागीदारी बेकायदेशीर ठरते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली बिहारीलाल जयस्वाल यांच्या आयकर-प्रकरणात सांगितले. परवाना एकाच्या नावावर, भांडवल दुसऱ्याचे आणि हिशेब तोंडी, असे व्यवहार करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे की, भांडण झाले तर न्यायालय दोघांनाही दारातूनच परत पाठवू शकते. दुसरी गोष्ट 2002 च्या स्पर्धा अधिनियमाची. स्पर्धेवर लक्षणीय प्रतिकूल परिणाम करणारे करार त्यानेही शून्य ठरविले आहेत, आणि नुकसान झालेल्यास भरपाई मागण्याची सोय केली आहे.

कराराचे स्वातंत्र्य ही मोठी गोष्ट आहे. परंतु ज्याच्यापुढे एकच छापील मसुदा ठेवलेला आहे, त्याचे स्वातंत्र्य सही करणे किंवा उठून जाणे एवढेच असते. कायदा त्या मसुद्यातील एखादी ओळ शून्य ठरवितो तेव्हा त्याला समाधान वाटते, आणि ते साहजिक आहे. पण स्टेन्सच्या त्या दोन पबांचा इतिहास सांगतो की, ओळ खोडणे हे काम अर्धेच आहे. ती ओळ जोवर लागू होती तोवर कोणी काय गमावले, याचा हिशेब करण्याची तयारी कायद्याने ठेवली नाही, तर शून्याची किंमत शेवटी दुबळ्या पक्षालाच मोजावी लागते.